लोखंडाची किंमत, कागदाची किंमत

लंडनमध्ये स्ट्रँड नावाचा जुना रस्ता आहे. त्याच्या पूर्वेच्या टोकाला ऑस्ट्रेलिया हाउसची भारदस्त दगडी इमारत उभी आहे. १९१८ साली पंचम जॉर्जच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. तिथून चालत दोन-चार मिनिटांवर, ऑल्डविचच्या अर्धगोल रस्त्यावर, आपलं इंडिया हाउस आहे. १९६० आणि ७०च्या दशकांत ऑस्ट्रेलिया हाउसच्या आसपास रस्त्याच्या कडेला जुन्या गाड्यांचा एक बाजार भरायचा. फोक्सवॅगनच्या कोंबी, बेडफर्डच्या डॉर्मोबाइल आणि इतर लहानमोठ्या व्हॅन एकामागे एक लागलेल्या. काचेला आतून पुठ्ठा लावलेला, त्यावर किंमत आणि गाडीत काय काय आहे त्याची यादी: दोन माणसांची गादी, गॅसची शेगडी, पाण्याचा कॅन. विकणारा ऑस्ट्रेलियन नाहीतर न्यूझीलंडचा आणि घेणाराही तिथलाच. एक युरोप फिरून परतलेला, दुसरा नुकताच लंडनला उतरलेला. एकाच्या खिशात परतीचं तिकीट, दुसऱ्याच्या खिशात घरून आणलेली शिल्लक.

परक्या देशात जाऊन तिथे जुनी गाडी विकत घ्यायची, महिनोन्महिने तिच्यातच राहायचं, खायचं, झोपायचं आणि निघताना ती पुढच्याला विकून टाकायची. प्रवासाच्या या पद्धतीला आता साठेक वर्षांचा इतिहास आहे. तो बहुधा आठवणींच्या रूपात सांगितला जातो: तारुण्य, समुद्रकिनारे, बंद पडलेलं इंजिन, मदतीला धावलेला अनोळखी शेतकरी. पण या व्यवहारात गाडीच्या लोखंडाला एक किंमत होती आणि तिच्या कागदांना दुसरी. पहिली घासाघीस करून कमी करता येई. दुसरी सरकारं ठरवत, आणि तिच्यावरूनच कुणी कुठवर जायचं, गाडी कुठे विकायची आणि मुळात या बाजारात कुणी उभं राहायचं, हे ठरत गेलं.

कोंबीच का?

आधी लोखंडाबद्दल. १९४७ साली बेन पॉन नावाच्या डच व्यापाऱ्याने आपल्या वहीत एका डब्यासारख्या गाडीचं रेखाटन केलं. मागे बीटलचं इंजिन, पुढे चालक, मधली सगळी जागा मोकळी. १९५० साली फोक्सवॅगनने ही गाडी बाजारात आणली आणि १९५६पासून तिचं उत्पादन हॅनोव्हरच्या स्वतंत्र कारखान्यात सुरू झालं. ती बनली होती पाववाले, प्लंबर, रंगारी यांच्यासाठी. तिच्यात घर मांडता येतं हे लोकांच्या लवकरच लक्षात आलं, आणि वेस्टफालिया कंपनीने तर पलंग-कपाटांसकट गाड्या तयार करून द्यायला सुरुवात केली.

प्रवाशाच्या दृष्टीने तिचा मोठा गुण म्हणजे इंजिन हवेने थंड होत असे. रेडिएटर नाही, त्यामुळे आल्प्समध्ये पाणी गोठण्याची भीती नाही आणि इराणच्या वाळवंटात ते उकळण्याचीही नाही. इंजिन मुख्यतः चार बोल्टांवर बसवलेलं. जॅक आणि दोन धडधाकट माणसं असली की ते रस्त्याच्या कडेला खाली उतरवता येई. दोषही तितकेच ठरलेले. तेल थंड करणारा कूलर इंजिनवर अशा जागी होता की तिसऱ्या सिलिंडरकडे जाणारी हवा अडायची. तो सिलिंडर बाकीच्या तिघांपेक्षा जास्त तापे आणि त्याचा व्हॉल्व्ह आधी जाई. दर तीन हजार मैलांना व्हॉल्व्हचं अंतर तपासून घ्यावं लागे. आधीच्या मालकाने ते केलं होतं की नाही हे विचारण्यात अर्थ नव्हता, कारण सगळेच ‘हो’ म्हणत.

इंजिनाइतकीच भीती गंजाची. इंग्लंडच्या थंडीत रस्त्यांवर मीठ टाकतात. ते चाकांच्या कमानींत आणि दाराखालच्या पट्ट्यांत जाऊन बसतं आणि पत्रा आतून खातं. विकणारा त्या भोकांत पुट्टी भरून वर रंग मारतो. डेंटिंग-पेंटिंगची ही विद्या आपल्याकडच्या गॅरेजवाल्यांनाही नवी नाही. त्यावर उतारा म्हणजे खिशात एक लोहचुंबक ठेवायचं आणि संशयाच्या जागी लावून पाहायचं. पत्र्याला ते चिकटतं, पुट्टीवरून खाली पडतं.

ब्रिटनमध्ये १९६०पासून जुन्या गाड्यांची दरवर्षी तपासणी सक्तीची झाली. सुरुवातीला दहा वर्षांच्या गाडीला लागू असलेला नियम १९६७पर्यंत तीन वर्षांच्या गाडीपर्यंत खाली आला. त्यामुळे पुठ्ठ्यावर आणखी एक ओळ आली: तपासणीचं प्रमाणपत्र अमुक महिन्यापर्यंत. कागदाची किंमत लोखंडाच्या किमतीत मिसळायला लागली ती अशी. दोन सारख्याच गाड्यांत ज्या गाडीच्या प्रमाणपत्राला दहा महिने बाकी तिचा भाव चढा, एकच महिना बाकी असेल तिचा उतरलेला. गाडीचं वय मागे मोजायचं असतं. प्रवाशांच्या बाजारात ते पुढेही मोजलं जाऊ लागलं.

भाव पाडणारी दुसरी गोष्ट म्हणजे विकणाऱ्याची तारीख. विमान परवा असेल तर त्याला आज जो देईल तो भाव. सप्टेंबर-ऑक्टोबरात युरोपची थंडी सुरू होताना सगळे एकदम परतत आणि रस्त्याकडेला विकायच्या गाड्यांची गर्दी होई. वसंतात नवे लोक येत तेव्हा उलटी स्थिती. हिवाळ्यात घेऊन उन्हाळ्यात विकेल तो शहाणा. पण प्रवासी उन्हाळ्यात येतो आणि हिवाळ्यात जातो, म्हणून बहुतेकांच्या नशिबी महाग घेऊन स्वस्त विकणंच असे.

पासष्ट पौंडांची मिनीव्हॅन

१५ एप्रिल १९५७ रोजी लंडनहून ‘इंडियामॅन’ नावाची बस प्रवाशांना घेऊन निघाली आणि ५ जूनला कलकत्त्याला पोहोचली. एका बाजूचं भाडं ८५ पौंड. जमिनीवरून हिंदुस्थानात तिकीट काढून जाता येतं हे त्या बसने दाखवून दिलं. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत त्या वाटेवर जुन्या गाड्यांची रीघ लागली. इस्तंबूल, तेहरान, हेरात, कंदाहार, काबूल, खैबर, लाहोर, दिल्ली, आणि तिथून कुणी काठमांडूला, कुणी गोव्याला.

या वाटेचे बाजारही ठरून गेले. इस्तंबूलमध्ये सुलतानअहमत चौकाजवळ १९५७ साली सुरू झालेलं लाले नावाचं उपाहारगृह आहे. पाश्चात्त्य पोरांनी त्याचं नाव ‘पुडिंग शॉप’ पाडलं. तिथला भिंतीवरचा फळा प्रसिद्ध होता. पूर्वेकडे जाणाऱ्या गाडीत जागा आहे, पेट्रोलचा खर्च वाटून घेणारा हवा, कुणाला निरोप द्यायचाय, असल्या चिठ्ठ्या त्यावर टोचलेल्या असत. लंडनमध्ये ‘बिट’ नावाची एक स्वयंसेवी माहिती सेवा होती. ती वाटेवरची माहिती छापून स्वस्तात विके, आणि परतलेले प्रवासी तिला पत्रं लिहून नवी भर घालत. कुठल्या सीमेवर किती वेळ लागतो, कुठे काय विकलं जातं, कुठला कागद मागतात, हे त्यातून कळे.

१९७२ साली टोनी आणि मॉरीन व्हीलर या नवविवाहित जोडप्याने लंडनमध्ये ६५ पौंडांना एक जुनी मिनीव्हॅन घेतली आणि पूर्वेची वाट धरली. काबूलला पोहोचल्यावर त्यांनी ती पाच पौंड नफ्याने विकली. पुढचा प्रवास मिळेल त्या वाहनाने केला. त्या वर्षी नाताळच्या दुसऱ्या दिवशी ते सिडनीला पोहोचले तेव्हा दोघांकडे मिळून २७ सेंट उरले होते. लोक सारखं विचारायला लागले म्हणून १९७३ साली त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून एक छोटं पुस्तक तयार केलं. ‘लोनली प्लॅनेट’चं ते पहिलं पुस्तक.

ही गोष्ट आता दंतकथेसारखी सांगितली जाते आणि ऐकणाऱ्याला कौतुक वाटतं ते नफ्याचं. त्यांनी गाडी काबूलला विकली आणि पुढे आणली नाही, याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. काबूलच्या पुढे खैबर, पाकिस्तान आणि मग आपण. त्या सीमांवर लोखंडाला विचारत नव्हते.

कार्ने

१९५४ साली संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने न्यूयॉर्कला एक करार झाला. खासगी गाडी तात्पुरती दुसऱ्या देशात नेताना आयात जकात भरावी लागू नये म्हणून केलेला. त्यातून ‘कार्ने द पासाज’ नावाचं पुस्तक सर्वत्र रूढ झालं. दिसायला ते आपल्या पावतीपुस्तकासारखंच. प्रत्येक पानाचे तीन भाग. देशात शिरताना कस्टमचा माणूस खालचा भाग फाडून ठेवतो, बाहेर पडताना मधला फाडतो. वरचा भाग दोन शिक्क्यांसह पुस्तकातच राहतो. गाडी आत आली तशी बाहेरही गेली याचा तो पुरावा.

हे पुस्तक मालकाच्या देशातली मोटार संघटना देते आणि त्याआधी त्याच्याकडून अनामत किंवा बँकेची हमी घेते. गाडी एखाद्या देशात विकली गेली, चोरीला गेली किंवा दरीत पडली, आणि बाहेर जातानाचा शिक्का मिळाला नाही, तर त्या देशाची पूर्ण जकात या हमीतून वसूल होते. ज्या देशाची जकात जास्त त्याच्यासाठी हमीची रक्कमही जास्त, गाडीच्या किमतीच्या कित्येक पट. पासष्ट पौंडांची गाडी स्वस्त असते ती पुस्तक काढेपर्यंत.

तुर्कस्तानात आणखी सोपी युक्ती होती. गाडीची नोंद थेट पासपोर्टात करायचे. गाडीशिवाय माणूस बाहेर पडू शकत नसे. अनातोलियात कुठेतरी इंजिनाने मान टाकली तर गाडी तिथेच सोडून बस पकडता येत नसे. आधी तिला ओढत कस्टमपर्यंत न्यायची, त्यांच्या ताब्यात द्यायची आणि पासपोर्टावरची नोंद रद्द करून घ्यायची. तोवर तो भंगाराचा ढीग त्या माणसाचा मालक.

भारताची गंमत अशी की राष्ट्रकुलातल्या देशांच्या नागरिकांना १९८४पर्यंत इथे यायला व्हिसा लागत नसे. ऑस्ट्रेलियन माणूस वाघा सीमेवर नुसता पासपोर्ट दाखवून आत येई. त्याच्या कोंबीला मात्र कार्ने हवा, आणि सहा महिन्यांच्या आत तिने देश सोडायला हवा. माणसापेक्षा गाडीवर नजर कडक.

त्याचं कारण आपल्या त्या काळाच्या अर्थव्यवस्थेत होतं. परकीय चलन तुटपुंजं, गाड्यांची आयात जवळजवळ बंद, देशात मोटारी बनवणाऱ्या कंपन्या मोजून तीन. फियाटसाठी नंबर लावायचा आणि वाट पाहायची. बजाजच्या स्कूटरसाठी तर वर्षानुवर्षं. ज्याचा नंबर लागला तो ती ‘ऑन’ घेऊन विकू शकत असे, म्हणजे जुनी स्कूटर नव्यापेक्षा महाग. वकिलातींच्या परदेशी गाड्यासुद्धा परस्पर विकता येत नसत, त्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत जात. अशा देशात एक चालू स्थितीतली जर्मन गाडी खुल्या बाजारात आली असती तर तिला काय भाव आला असता याची कल्पना करावी. लंडनला कवडीमोल, इथे सोनं. मधल्या फरकाला जकात म्हणतात, आणि तो फरक प्रवाशाच्या खिशात जाऊ नये याच्यासाठीच कार्ने होता.

म्हणून गोव्यात एक विचित्र दृश्य दिसे. हणजुण्याच्या किनाऱ्यावर सत्तरच्या दशकात हिप्पींचा बुधवारचा बाजार सुरू झाला. एट फिंगर एडी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकन माणसाचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. पैसे संपलेले लोक तिथे जवळ असेल ते विकत. जीन्स, कॅमेरा, टेपरेकॉर्डर, पुस्तकं, झोपायच्या पिशव्या. ज्या गाडीतून हे सगळं आलं ती माडाखाली उभी असे आणि सगळ्यांत जास्त पैसे तिचेच आले असते, पण कायद्याने नेमकी तीच विकता येत नसे. हिवाळा संपता संपता तिची मुदत भरत येई आणि मालकाला बाराशे-पंधराशे मैल हाकत ती नेपाळच्या सीमेपार न्यावी लागे. आजही डिसेंबरात गोव्याच्या किनाऱ्यांवर जर्मन किंवा फ्रेंच नंबरपाटीचे घरासारखे ट्रक दिसतात. त्यांच्या मालकांच्या डोक्यात अजूनही ती तारीख असते.

इंडिया हाउसच्या बाजूने

आता पुन्हा ऑल्डविचला. ऑस्ट्रेलिया हाउससमोर हा बाजार भरत होता तेव्हा तिथून हाकेच्या अंतरावर इंडिया हाउसमध्ये आपले लोक पासपोर्टाच्या, चलनाच्या कामांसाठी रांगा लावत होते. ते त्या बाजारात का दिसत नव्हते?

पहिलं कारण पैशाचं. साठच्या दशकाच्या अखेरीस भारतातून बाहेर पडणाऱ्या माणसाला सोबत आठ डॉलर नेता येत. त्या पिढीतल्या कित्येक मराठी डॉक्टर-इंजिनीयरांच्या आठवणींत हे आठ डॉलर आहेत. रिझर्व्ह बँकेच्या परवानगीचा ‘पी फॉर्म’ मंजूर झाल्याशिवाय तिकीटही मिळत नसे. तीन पौंडांच्या आसपासच्या त्या रकमेत कोंबीचं एखादं चाक आलं असतं.

दुसरं कारण वेळेचं. गाडीतून सहा महिने भटकायचं तर सहा महिने काम न करता राहण्याचा आणि परत आल्यावर पुन्हा काम मिळण्याचा हक्क लागतो. ब्रिटनने १९६२च्या कायद्याने राष्ट्रकुलातल्या नागरिकांच्या येण्यावर पहिल्यांदा बंधनं घातली, १९६८ आणि १९७१च्या कायद्यांनी ती आवळली. ज्याचे आईवडील किंवा आजीआजोबा ब्रिटनमध्ये जन्मले त्याला वाट मोकळी राहील, अशा बेताने नियम घडत गेले. ऑस्ट्रेलियन पोरांपैकी पुष्कळांची आजी स्कॉटलंडची असे. सातारच्या पोराची नसे.

उरलेल्यांसाठी ‘वर्किंग हॉलिडे’ची सोय होती. राष्ट्रकुलातल्या तरुणांनी यावं, थोडं काम करावं, थोडं फिरावं, परत जावं. कागदावर हे दार भारतीयांनाही उघडं होतं. प्रत्यक्षात अर्जदार खरोखर परत जाईल याची खात्री अधिकाऱ्याला पटावी लागे, आणि ती मेलबर्नच्या मुलाबद्दल जितकी सहज पटे तितकी मुंबईच्या मुलाबद्दल पटत नसे. योजनेचा लाभ प्रामुख्याने ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा आणि दक्षिण आफ्रिकेच्या तरुणांना मिळत राहिला. २००३ साली नियम सैल केले तेव्हा भारतासारख्या देशांतून अर्ज वाढले. २००५ साली ते पुन्हा कडक झाले आणि २००८ साली योजनाच गुंडाळली गेली. तिच्या जागी आलेल्या नव्या योजनेच्या सुरुवातीच्या यादीत ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा आणि जपान होते.

यात कुणी एका माणसाने दुष्टपणा केला असं नाही. फुटपाथवर बसून कोंबी विकणारा सिडनीचा मुलगा आपल्याच हिमतीवर आलो असं समजत होता, आणि हिंमत त्याच्याकडे होतीही. पण त्याच्या गाडीला जसा कार्ने लागत होता तसा त्यालाही एक लागत होता, आणि तो त्याला जन्मतः मिळालेला असल्यामुळे त्याच्या लक्षात येत नव्हता.

गुरांच्या बाजारात

१९७९ हे वर्ष या वाटेचं शेवटचं ठरलं. फेब्रुवारीत इराणमध्ये क्रांती झाली, डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. लंडनहून काठमांडूला सरळ जाणारा रस्ता मधेच तुटला. लंडनचा बाजार मात्र चालू राहिला. आता गाड्या पाम्प्लोनाच्या बैलांच्या शर्यतीला, म्युनिकच्या बिअर उत्सवाला, ग्रीसच्या बेटांकडे जात. मध्य लंडनमधून हलत हलत नव्वदच्या दशकात हा बाजार शहराच्या उत्तरेला, कॅलेडोनियन रोडजवळच्या मार्केट रोडवर स्थिरावला. प्रवासाच्या मार्गदर्शक पुस्तकांत त्याचा पत्ता छापला जाई.

त्या रस्त्याला मार्केट रोड हे नाव व्हॅनमुळे पडलेलं नाही. शहराच्या मध्यात स्मिथफील्डला भरणारा गुरांचा बाजार १८५५ साली इथे हलवण्यात आला आणि राणी व्हिक्टोरियाचा नवरा प्रिन्स अल्बर्ट याच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. त्याचा घड्याळाचा मनोरा अजून उभा आहे. पुढे तिथे जुन्यापुराण्या वस्तूंचाही बाजार भरू लागला, तो दुसऱ्या महायुद्धात बंद पडला. त्यानंतर त्याच परिसरात कोंबी येऊन उभ्या राहिल्या.

ज्याने बैलबाजार पाहिला आहे त्याला या योगायोगाचं फार नवल वाटणार नाही. बैलाचे दात मोजायचे, चालवून पाहायचा, खुरं बघायची, आणि तरीही मालक का विकतोय याचा अंदाज घ्यायचा. आपल्याकडे हेडी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवतात. मार्केट रोडला भाव काचेवर लिहिलेला असे, पण खरा भाव विकणाऱ्याच्या विमानाच्या तारखेवर ठरे. विकणाऱ्याने ती तारीख सांगितली की सौदा तिथेच संपला. म्हणून अनुभवी लोक आपण अजून महिनाभर आहोत असंच सांगत. आज हा बाजारही उठला आहे.

सातबाऱ्यावरचा बोजा

दरम्यान प्रवाहाची दिशा फिरली होती. ऑस्ट्रेलियाने १९७५ साली ब्रिटन, कॅनडा आणि आयर्लंडच्या तरुणांसाठी वर्किंग हॉलिडेची योजना सुरू केली, १९८०मध्ये जपान त्यात आला, मग एकेक करत जर्मनी, फ्रान्स वगैरे. आता जर्मन मुलं सिडनीला उतरून गाडी शोधू लागली. किंग्ज क्रॉस भागात जमिनीखालच्या पार्किंगमध्ये त्यांचा बाजार भरे.

इथे कागदाची किंमत आणखी ठसठशीत झाली. ऑस्ट्रेलियात गाडीची नोंदणी राज्याराज्यात वेगळी. क्वीन्सलँड किंवा व्हिक्टोरियात गाडी नव्या मालकाच्या नावावर करायची तर साधारणपणे ती रस्त्यायोग्य असल्याचं प्रमाणपत्र लागतं, आणि जुन्या व्हॅनला ते मिळवून देण्यात तिच्या किमतीइतका खर्च होऊ शकतो. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात मात्र चालू नोंदणीच्या गाडीचं हस्तांतर तपासणीशिवाय होतं, आणि गाडी देशाच्या दुसऱ्या टोकाला उभी असली तरी चालतं. म्हणून सिडनीत उभ्या असलेल्या, पर्थपासून चार हजार किलोमीटरवरच्या एखाद्या खटाऱ्याच्या जाहिरातीत पहिली ओळ असते, ‘वेस्टर्न ऑस्ट्रेलियाची नोंदणी’. इंजिन नंतर.

दुसरा धोका कर्जाचा. ब्रिटनमध्ये १९६४च्या एका कायद्याने हप्त्यांवरची गाडी अजाणता विकत घेणाऱ्या खासगी ग्राहकाला संरक्षण दिलं होतं. ऑस्ट्रेलियात गाडीवर कर्ज असेल तर ते गाडीबरोबर येतं. पैसे मोजून घेतलेली गाडी कर्ज देणारी कंपनी उचलून नेऊ शकते, आणि विकणारा तोवर बर्लिनला पोहोचलेला असतो. २०१२ साली या सगळ्या बोजांची एकच राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. दोन डॉलर भरून चासी नंबर टाकला की गाडीवर कर्ज आहे का ते कळतं. जमीन घेण्याआधी सातबाऱ्यावरचा बोजा पाहण्याची सवय असलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. परदेशी प्रवाशांना लागतं.

न्यूझीलंडची कथा थोडी वेगळी. जपानमध्ये जुन्या गाडीची सक्तीची तपासणी महाग, म्हणून तिथले लोक चांगल्या गाड्याही लवकर काढून टाकतात. जपान डाव्या बाजूने चालणारा देश, न्यूझीलंडही तसाच. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूझीलंडने जुन्या गाड्यांच्या आयातीची दारं उघडली आणि जपानी व्हॅन जहाजं भरभरून आल्या. १९९८पर्यंत तिथला मोटारजोडणीचा धंदाच संपला. प्रवाशांची मात्र चंगळ झाली. टोयोटाची एस्टिमा घ्यायची, मागची आसनं काढायची, फळ्या ठोकून गादी टाकायची आणि निघायचं. आपणही डाव्या बाजूनेच चालतो, पण आपण जुन्या गाड्यांच्या आयातीवर वयाची अट आणि जबर जकात ठेवून ते दार बंदच ठेवलं. इथल्या कारखान्यांतल्या नोकऱ्या त्यामागे आहेत, त्यामुळे तो निर्णय चुकला असं सरसकट म्हणता येणार नाही.

२०२३ साली न्यूझीलंडने नवा कायदा केला. सार्वजनिक जागी फुकट मुक्काम करायचा तर बहुतेक ठिकाणी गाडीत पक्का बसवलेला संडास हवा, उचलून ठेवायचा चालणार नाही. खासगी गाड्यांना त्यासाठी काही वर्षांची मुदत दिली गेली. गावोगावच्या लोकांची तक्रार रास्त होती, सकाळी समुद्रकाठी फिरायला जावं तर काय दिसेल याचा नेम नव्हता. पण एका रात्रीत फळ्या ठोकलेल्या हजारो एस्टिमांचा एक गुण कागदावरून खोडला गेला. लोखंड तेच होतं.

सोडत

२०२४च्या ऑक्टोबरपासून ऑस्ट्रेलियाने अठरा ते तीस वर्षांच्या भारतीयांसाठी वर्किंग हॉलिडेचा व्हिसा सुरू केला. दोन देशांत झालेल्या व्यापार कराराचा तो एक भाग. वर्षाला जागा एक हजार, आणि इच्छुक कितीतरी जास्त, म्हणून सोडत. म्हाडाच्या घरांसारखीच. नाव निघालं तर अर्ज करायचा.

म्हणजे ऑस्ट्रेलिया हाउससमोर कोंबी विकल्या जात होत्या त्या काळापासून अर्ध्या शतकाने आपल्याकडच्या मुलामुलींना त्या बाजारात रीतसर उभं राहता येऊ लागलं. बाजार आता फुटपाथवर नाही, फोनमध्ये आहे. नाशिकच्या एखाद्या मुलीचं नाव सोडतीत निघेल, ती पर्थला उतरेल, एखाद्या फ्रेंच जोडप्याची दोन लाख किलोमीटर झालेली व्हॅन पाहायला जाईल. लोहचुंबक लावून पत्रा तपासेल, दोन डॉलर भरून बोजा बघेल, नोंदणी कुठल्या राज्याची आणि कधीपर्यंत आहे ते विचारेल. त्या जोडप्याचं विमान कधी आहे हेही ती बोलता बोलता काढून घेईल, कारण घासाघीस आपल्याला शिकवावी लागत नाही. वर्षभराने तिला तीच गाडी विकायची असेल. घेणारा कुठल्या देशाचा असेल सांगता येत नाही. तिच्याच पुढच्या सोडतीतला कुणी असेल, तर या बाजाराच्या इतिहासात मराठीतून झालेल्या पहिल्या काही सौद्यांपैकी तो एक ठरेल.